ऑस्कर वाइल्डची कविता केवळ शोभेची नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतील आयरिश लेखक ऑस्कर वाइल्डवरचा लेख आवडीने वाचला. त्याची नाटके, हजरजबाबीपणा आणि समलिंगी संबंधांवरून त्याला तुरुंगात धाडणारा १८९५ मधील खटला यांविषयी लेखकाने रसाळपणे लिहिले आहे. मात्र ‘उसन्या अलंकारांची कविता’ अशी त्याच्या काव्याची एका वाक्यात केलेली बोळवण पटली नाही, म्हणून हे पत्र.

आरोप अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. १८८१ मधील त्याच्या संग्रहात कीट्स, स्विनबर्न, रॉसेटी या इंग्रज कवींचे सूर जागोजागी ऐकू येतात आणि ऑक्सफर्ड युनियन या तेथील विद्यार्थ्यांच्या वादसभेने ग्रंथालयासाठी स्वतःहून मागवलेली प्रत याच कारणावरून मतदान घेऊन त्याला परत केली होती. (भेट मागून घ्यायची आणि मग नाकारायची, हा उद्योग विद्वानांनाच सुचावा.) पण त्याच संग्रहात ‘रिक्विएस्कॅट’ ही छोटी कविता आहे. वाइल्डची धाकटी बहीण आयसोला १८६७ मध्ये, दहावे वर्षही पूर्ण होण्याआधी वारली, तेव्हा तो बारा वर्षांचा होता. तिच्यावरच्या या कवितेत ना रत्नांची आरास आहे, ना ग्रीक देवदेवतांची गर्दी. ती इथेच बर्फाखाली आहे, पावले हलकी टाका, असे सांगणाऱ्या अगदी आखूड, साध्या ओळी आहेत.

खरा प्रश्न ‘द बॅलड ऑफ रेडिंग जेल’ या दीर्घ कथाकाव्याचा (बॅलडचा) आहे आणि लेखात त्याचा केवळ नामोल्लेख आहे. पत्नीच्या खुनाबद्दल चार्ल्स टॉमस वूल्ड्रिज या घोडदळातील शिपायाला ७ जुलै १८९६ रोजी रेडिंगच्या तुरुंगात फाशी झाली, तेव्हा वाइल्ड तेथेच सक्तमजुरी भोगत होता. सुटल्यावर फ्रान्समध्ये त्याने ही कविता लिहायला घेतली आणि १८९८ मध्ये ती कवीच्या नावाऐवजी ‘सी.३.३.’ या त्याच्या कोठडीच्या क्रमांकाने प्रसिद्ध झाली. वूल्ड्रिजच्या पलटणीचा गणवेश निळा असताना कवितेत तो लाल झाला आहे, कारण रक्त आणि मद्य लाल असते. ही वाइल्डची जुनी खोड. परंतु डांबर माखलेला दोरखंड बोथट, रक्ताळलेल्या नखांनी उकलणारे कैदी, मुक्याने गोल गोल चालणाऱ्यांच्या रांगा आणि प्रेतावर टाकलेला चुना या गोष्टी कोणत्याही कवीकडून उसन्या घेतलेल्या नाहीत.

आयरिश कवी येट्सने १९३६ मध्ये आपल्या संकलनात ही कविता घेताना तिचा मोठा भाग कापला आणि प्रत्येक माणूस आपल्या प्रेमाच्या वस्तूचा घात करतो ही सर्वतोमुखी असलेली ओळही काढून टाकली. त्या ओळीपुरते मला येट्सचे म्हणणे मान्य आहे, कारण ती नाटकातील टाळीच्या वाक्यासारखी झगमगते. तथापि वाइल्डने स्वतः एका पत्रात ज्याला ‘प्रचार’ म्हटले, तो भाग गाळण्याजोगा आहे असे मात्र मला वाटत नाही. पाचव्या भागात तुरुंगातील दुर्गंधी आहे, तोलून दिलेली कडवट भाकरी आहे आणि रात्रंदिवस रडणारे, उपाशी, भेदरलेले मूल आहे. ते मूल कल्पनेतले नव्हे. सुटकेनंतर नऊच दिवसांनी, २८ मे १८९७ रोजी, वाइल्डचे एक दीर्घ पत्र ‘डेली क्रॉनिकल’ या दैनिकात छापून आले. भुकेल्या बालकैद्याला बिस्किटे दिली म्हणून बडतर्फ झालेल्या मार्टिन या वॉर्डरची (तुरुंगरक्षकाची) बाजू त्याने त्यात मांडली होती. सशांची चोरटी शिकार केल्याबद्दल तुरुंगात आलेल्या मुलांविषयीही त्यात लिहिले होते. कवितेचा पाचवा भाग या पत्राजवळ ठेवून वाचला, तर त्यातील संतापाचे मूळ लक्षात येते आणि अलंकारांचा आरोप निदान तेथे तरी टिकत नाही.

पुरवणीत जागा होईल तेव्हा त्या पत्राचा आणि बॅलडच्या पाचव्या भागाचा मराठी अनुवाद एकाच पानावर छापावा, अशी विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक, मिरज