रविवारी तंत्रनिकेतनांच्या प्रयोगशाळा उघडा

महोदय,

कोरोनाच्या टाळेबंदीत मी इलेक्ट्रॉनिक्सची प्रात्यक्षिकं घरून घेतली. पाटण भागातला एक विद्यार्थी रेंज मिळावी म्हणून सड्यावर जाऊन बसायचा. वाऱ्यात त्याचा आवाज विरून जायचा, पण त्याने एकही तास बुडवला नाही. पॉवर सप्लायचं सर्किट त्याने सिम्युलेशनवर, म्हणजे संगणकावरच्या आभासी जोडणीत, बिनचूक केलं आणि मी पैकीच्या पैकी गुण दिले. कॉलेज सुरू झाल्यावर तेच सर्किट ब्रेडबोर्डवर, म्हणजे सुटे भाग खोचायच्या छिद्रांच्या पट्टीवर, जोडताना त्याने इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर उलटा लावला. तो फुगला, फट्‌कन फुटला, उग्र वास पसरला. पोरगं पांढरंफटक पडलं. अंगावर पट्टा असतो ती बाजू ऋण, हे मी पडद्यावर दहादा सांगितलं होतं. पण कॅपॅसिटर त्याने त्याआधी कधी हातातच घेतला नव्हता.

तरीही दूरस्थ अभियांत्रिकी नकोच, असं मी म्हणणार नाही. सात आयआयटी आणि बंगळूरची आयआयएस्सी यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या एनपीटेल या ऑनलाइन व्याख्यानांच्या उपक्रमामुळे खेड्यातल्या मुलाला आयआयटीतला तास फुकट मिळतो, कळेपर्यंत पुन्हा पुन्हा ऐकता येतो. घोडं अडतं ते प्रात्यक्षिकापाशी. परवानगीविना दूरस्थ पद्धतीने अभियांत्रिकीच्या पदव्या देणाऱ्या काही अभिमत विद्यापीठांबाबत सर्वोच्च न्यायालयाने ३ नोव्हेंबर २०१७ रोजी निकाल दिला. २००१ ते २००५ दरम्यान प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित झाल्या, नंतरच्यांच्या रद्द. नोकरी सांभाळून शिकलेल्यांचं काय झालं असेल, हा विचार अजून अस्वस्थ करतो.

आयआयटी मद्रासने २०२३ मध्ये इलेक्ट्रॉनिक सिस्टिम्सचा बीएस अभ्यासक्रम सुरू केला. तास घरबसल्या, परीक्षा केंद्रावर आणि प्रयोगशाळेसाठी चेन्नईला. हे मला पटतं. पण चंद्रपुरात पाळीवर काम करणाऱ्या मुलाने तेवढी रजा आणि भाडं आणायचं कुठून?

आपल्या बहुतेक जिल्ह्यांत शासकीय तंत्रनिकेतन आहे. तिथे विद्युत तरंग पडद्यावर दाखवणारे सीआरओ, तसे तरंग तयार करणारे फंक्शन जनरेटर, सोल्डरिंगची टेबलं आहेत आणि रविवारी दाराला कुलूप असतं. तंत्रशिक्षण संचालनालयाने विद्यापीठांशी बोलून या प्रयोगशाळा रविवारी दूरस्थ विद्यार्थ्यांना खुल्या कराव्यात. प्रयोग सहायकाला त्या दिवसाचं मानधन द्यावं आणि तिथे तपासलेलं प्रात्यक्षिकांचं जर्नल विद्यापीठाने ग्राह्य धरावं. पहिली तुकडी आमच्या जिल्ह्यात सुरू होणार असेल, तर दर रविवारी शिकवायला यायची माझी तयारी आहे.

– एक प्राध्यापिका, सातारा