थांबायला कुणी सांगायचं नाही

ती. आई-बाबा,
सा. न.

हे सगळं फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर बाबा ‘बघू’ म्हणतात, आई ‘बाबांना विचार’ म्हणते आणि विषय तिथेच मिटतो. म्हणून लिहितेय. बाबांनी मोठ्याने वाचावं आणि आईने मध्येच ‘थांबा, ते परत वाचा’ म्हणावं. तिला जिथे थांबवावंसं वाटेल, तिथेच मला जे म्हणायचंय ते असेल.

समुद्र, जंगल आणि डोंगर, तिन्ही एकाच प्रवासात, हे आपलं ठरलंय. कुठला समुद्र, कुठला डोंगर हे बाबा ठरवतील. नकाशा त्यांच्याकडे आहे, पेन्सिलही त्यांच्याकडेच आहे. मी फक्त कसं जायचं ते लिहिणार आहे. कारण गेल्या वेळची ट्रिप मी आखली होती आणि ती फसली होती. तुम्ही दोघांनी ते आजवर बोलून दाखवलं नाही, एवढंच.

रोजचे साडेचारशे किलोमीटर. कागदावर आठ तास, प्रत्यक्षात अकरा. तिसऱ्या रात्री आईने चपला काढल्या तेव्हा पट्ट्याचा वळ पावलावर उमटला होता. ‘प्रवासात व्हायचंच’ म्हणालीस आणि मी ते ऐकून घेतलं. परत आल्यावर तुझी पिशवी आवरताना बीपीच्या त्या गोळ्यांचं पाकीट हाती लागलं. हिशोबापेक्षा पाच गोळ्या जास्त उरल्या होत्या. पाच दिवस प्रवासाचे, पाच गोळ्या. ही गोळी घेतली की लघवीला जावं लागतं, म्हणून घेतलीच नाहीस. पाणीही घोटभरच पीत होतीस. का, तर पुढे बसलेल्या दोघांना सारखं ‘थांबवा’ कसं म्हणायचं!

आई, मला राग तुझा नाही आला. मी नऊ ठिकाणांची यादी केली होती, पण तुला किती वेळाने उतरावं लागेल याचा रकानाच त्यात नव्हता.

तेव्हा या वेळी पहिला नियम हा: थांबायला कुणी सांगायचं नाही. दर दीड तासाने मी घड्याळ बघून थांबणार, कुणाला गरज असो वा नसो. सगळ्यांनी उतरायचं आणि दहा मिनिटं चालायचं. पोटरीचे स्नायू आवळले-सैलावले की पायातलं रक्त वर ढकललं जातं. माणूस तासन्‌तास बसून राहिला की ते काम मंदावतं, पाय सुजतात. सलग चार तासांपेक्षा जास्त बसलं तर पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो आणि वयाबरोबर तो आणखी वाढतो. विमानाच्या प्रवासात हे सांगतात, पण गाडीलाही ते तेवढंच लागू आहे. दिवसाचं अंतर दीडशे ते दोनशे किलोमीटर, त्याहून जास्त नाही. एका मुक्कामी शक्यतो दोन रात्री. रोज बॅगा भरायच्या आणि उपसायच्या यातच निम्मा जीव जातो, आणि ते काम कुणाच्या वाट्याला येतं हे आपल्याला माहीत आहे.

आता बाबा, तुम्ही रोज पाठवता त्या फोटोंबद्दल. स्टेल्व्हिओचा घाट पाहिला. आल्प्समधली २७५७ मीटरवरची खिंड, उत्तरेच्या अंगाला ४८ वळणं, आणि हे सगळं १८२० ते १८२५ या काळात बांधलेलं. फोटो वरून काढलेला आहे, म्हणून ती वळणं रांगोळीसारखी दिसतात. आत बसलेल्याला ती तशी दिसत नाहीत, हे आईला विचारा. ऑस्ट्रेलियातला ग्रेट ओशन रोडही पाहिला. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ पासून कुदळ-फावड्यांनी कडा फोडून तो काढला आणि १९३२ मध्ये पुरा केला, हे वाचल्यापासून तो रस्ता मला जास्त आवडायला लागलाय. पण तुमचा तिसरा फोटो, कॅलिफोर्नियातला बिग सरचा, त्याने मला योजनेत एक बदल करायला लावला. तिथे मे २०१७ मध्ये डोंगराचा मोठा भाग घसरून समुद्रात गेला, किनाऱ्यालगतच्या रस्त्याचा एक तुकडा त्याखाली गाडला गेला आणि तिथला रस्ता जुलै २०१८ मध्ये पुन्हा सुरू झाला. समुद्र खालून पोखरतो, पाऊस वरून भिजवतो आणि रस्ता मध्ये कड्याला चिकटलेला. किनाऱ्यालगतचे बहुतेक देखणे रस्ते असेच असतात. तेव्हा तुम्ही कुठलाही मार्ग आखा, त्याला आतून जाणारा दुसरा रस्ता पेन्सिलने काढून ठेवा आणि आठ दिवसांत एक दिवस पूर्ण कोरा सोडा. रस्ता बंद निघाला तर तो दिवस वापरू. नाही निघाला तर आई झोपेल.

किनाऱ्याच्या बाबतीत अजून दोन गोष्टी बघून ठेवा. एक म्हणजे दिशा. आपली गाडी रस्त्याच्या ज्या बाजूने चालते, त्याच बाजूला समुद्र येईल असं बघा. मग मध्ये दुसऱ्या बाजूची वाहनं येत नाहीत, आणि थांबायच्या जागेवर वळताना समोरची रहदारी कापावी लागत नाही. एकच रस्ता उलट दिशेने केला तर निम्माच दिसतो. दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणजे भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण असतं. तेव्हा पाणी जास्त वर येतं आणि जास्त लांब ओसरतंही. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा दोन्ही बेताचं. आईला ओल्या, घट्ट वाळूवरून लांबवर चालायचं असेल तर ओहोटीच हवी, कारण कोरड्या भुसभुशीत वाळूत तिचा गुडघा बोलतो. मुक्काम ठरला की त्या दिवसांच्या वेळा मी काढून देते. गाडी मात्र वाळूत उतरवायची नाही. बाबा, ‘थोडी आत घेऊ’ हे वाक्य या वेळी नको.

लहानपणी तुम्ही मला एकदा समजावलं होतं, ते नकाशा बघताना आठवलं. समुद्रावरची ओली हवा डोंगराला आदळते, वर चढते, गार होते आणि तिथेच पाऊस टाकते. म्हणून समुद्राकडच्या उतारावर दाट जंगल आणि पलीकडे उतरलं की कोरडी जमीन, पर्जन्यछाया. म्हणजे आपण तीन वेगळ्या जागा बघायला जात नाही, एकाच पाण्याच्या मागे मागे जाणार आहोत. मला वाटतं क्रमही तोच ठेवावा. आधी समुद्र, मग जंगल, मग माथा, आणि शेवटच्या दिवशी पलीकडचा कोरडा उतार. किनाऱ्यावर दोन-तीन दिवस अंग सैल झालं की चढण सोपी जाते.

माथ्यावर सकाळीच पोचायचं. दुपारनंतर ढग जमतात आणि मग कड्यावर उभं राहून पांढऱ्या भिंतीचे फोटो काढावे लागतात. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. सकाळी किनाऱ्यावर घाम पुसत निघालो आणि दोन हजार मीटरवर गेलो, तर तेरा अंशांचा फरक. म्हणून स्वेटर डिकीत नाही, मांडीशी हवेत. आणि बाबा, तुमची पेन्सिल फार वर जायला लागली तर एक लक्षात ठेवा. अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो, आणि तीन हजारांच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असं डॉक्टर सांगतात. खिंड ओलांडून झोपायला खाली उतरायचं, हे आपल्यासाठी बरं.

आता जे लिहायला मला तीन दिवस लागले ते. बाबा, घाटात गाडी मी चालवणार.

तुमच्यासारखी गाडी चालवणारा माणूस मी पाहिलेला नाही, मी शिकले तेही तुमच्याकडेच. पण गेल्या वेळी उतारावर तुम्ही गाडी न्यूट्रलमध्ये टाकत होता, पेट्रोल वाचवायला. ही जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांची सवय. आताच्या गाडीत गिअर टाकलेला असताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की इंजिनाचं पेट्रोल जवळपास बंदच होतं, कारण चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र ते चालू ठेवायला पेट्रोल जळतच राहतं. म्हणजे वाचत काही नाही. उलट सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि लांब उतारावर तापलेले ब्रेक ऐनवेळी धरत नाहीत. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं आणि चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हे तुम्हीच मला शिकवलंत. मधल्या काळात तुमच्याच हातून ते सुटलं.

आणि रात्र. संध्याकाळनंतर कुणीच चालवायचं नाही, मीसुद्धा नाही. विशीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर जेवढा प्रकाश पोचतो, त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीच्या माणसाच्या पोचतो. समोरच्याने अप्पर मारला की त्यातून डोळा सावरायलाही वेळ लागतो. तुम्ही त्या रात्री पुलाजवळ एकदम हळू झालात, तेव्हा ‘काच खराब आहे’ म्हणालात. काच मी सकाळीच पुसली होती. मी तेव्हा काही बोलले नाही. आपल्या घरात सगळेच न बोलण्यात पटाईत!

शिवाय जंगलातून अंधारात जाण्यात बघायला काय मिळणार? उलट संधिप्रकाशात जनावरं सगळ्यात जास्त रस्ता ओलांडतात, आणि एक हरीण गेलं की मागे दुसरं असतंच. जंगलात सूर्य मावळायच्या आधीच झाडांखाली अंधारतं. त्यामुळे चारला मुक्कामी. नेटवर्क तिथे मिळेलच असं नाही. फोनचं जीपीएस थेट उपग्रहांचे संदेश घेतं, त्याला नेटवर्क लागत नाही. नकाशाचं चित्र मात्र आधी उतरवून ठेवावं लागतं, ते मी करते. तुमचा कागदी नकाशाही घ्याच. तो उलगडताना निम्मी पुढची काच झाकली जाते, पण चालेल, तो गाडी थांबल्यावर उलगडू. आणि सकाळचे दोन तास, किनाऱ्याच्या सरळ रस्त्याला, गाडी तुमची. त्यात मी बोलणार नाही. गिअर कुठला टाकलात हेही बघणार नाही.

घाटात मात्र तुम्हाला एक नवा अनुभव येणार आहे. आईला गाडी लागते आणि तुम्हाला कधीच लागली नाही, याचं श्रेय तुम्ही चाळीस वर्षं स्वतःच्या पोटाला देत आलात. ते स्टिअरिंगचं आहे. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग म्हणतो हलतोय, डोळे गाडीच्या आत बघून म्हणतात स्थिर आहोत, आणि या भांडणात मळमळतं. चालवणाऱ्याला पुढचं वळण आधीच ठाऊक असतं, म्हणून त्याला सहसा लागत नाही. आता आई पुढच्या सीटवर, तुम्ही मागे. लांबवर बघा, मोबाइलमध्ये डोकं घालू नका आणि गोळी घाट सुरू व्हायच्या आधी अर्धा-पाऊण तास घ्या, उलटी झाल्यावर तिचा उपयोग नाही. पण या गोळ्यांनी झोप येते, आणि प्रोस्टेट किंवा काचबिंदू असेल तर काही गोळ्या चालत नाहीत, म्हणून तुमच्या डॉक्टरांना विचारूनच. हसू नकोस आई.

औषधं दोन ठिकाणी ठेवा, निम्मी तुझ्या पर्समध्ये, निम्मी माझ्याकडे. उन्हात उभ्या गाडीत एकही नाही, काचा बंद असल्या की आत तासाभरात वीसेक अंश वाढतात. टायर आणि ब्रेक मी निघायच्या आठवडाभर आधी दाखवून आणते. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासायची, स्टेपनीचीसुद्धा. बाकी सामानाचं आई बघेल, त्यात मी पडत नाही.

बाबा, पुढच्या रविवारपर्यंत पेन्सिलीच्या दोन रेघा हव्यात, एक खरी आणि एक राखीव. ‘बघू’ चालणार नाही.

आई, डॉक्टरांकडे जाशील तेव्हा विचार, प्रवासाच्या दिवशी ती गोळी सकाळऐवजी मुक्कामी पोचल्यावर घेतली तर चालेल का. बाबा बरोबर आले तर त्यांना बाहेर बसव आणि मग विचार. त्यांच्यासमोर तू ‘तसा काही त्रास नाही’ म्हणशील.

तुमची,
धाकटी