सुधीर, तू दिल्लीला जा

पाषाण, पुणे

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. दिल्लीहून संशोधन धोरणाच्या पदासाठी विचारणा झाली, हे वाचून मला फार आनंद झाला. पण पुढे तू लिहितोस, "आता उरलेली वर्षं फायलींवर सह्या करण्यात घालवू का?" हे वाक्य काही डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलो.

रघुनाथ माशेलकर सरांचं आठव. 1976 साली ते इंग्लंडमधल्या सॅलफर्डहून इथे एनसीएलमध्ये, म्हणजे पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आले ते पॉलिमरवर काम करायला. 1989 मध्ये संचालक झाले. तोवर आपल्याकडे शोध लागला की घाईनं शोधनिबंध छापायचा, आणि त्याचा फायदा बाहेरच्या कुणीतरी घ्यायचा. सरांनी आधी पेटंट, मग निबंध असा धोशाच लावला. पुढे पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकच्या पेटंटचा परवाना जनरल इलेक्ट्रिकनं पैसे मोजून घेतला. पाषाणच्या प्रयोगशाळेकडून अमेरिकन कंपनी तंत्रज्ञान घेते, हे त्या काळी आपल्याला स्वप्नवत वाटायचं!

मग 1995 ते 2006 सीएसआयआरचे, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक. चाळीसच्या आसपास प्रयोगशाळा, प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. आल्यावर सहा महिन्यांतच, जानेवारी 1996 मध्ये, त्यांनी 2001 पर्यंतचं उद्दिष्ट कागदावर मांडलं. पण मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हळदीचं प्रकरण. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत 1995 मध्ये मंजूर झालं होतं. आपल्या घराघरात आजी हळद दाबून धरते, हे पेटंट कार्यालयाला सांगून चालत नाही. त्यांना छापील पुरावा लागतो. सीएसआयआरनं जुने ग्रंथ धुंडाळले, इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला 1953 चा लेख पुढे ठेवला, आणि 1997 मध्ये ते पेटंट रद्द झालं. पुन्हा पुन्हा असं भांडत बसावं लागू नये, म्हणून 2001 पासून पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल कोश उभा राहिला. आयुर्वेद, युनानीतल्या औषधांच्या कृती इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानीत, परदेशी पेटंट परीक्षकाला वाचता येतील अशा. सुधीर, हे काम कुठल्या एका प्रयोगशाळेतून झालं असतं का? त्याला अधिकाराची खुर्चीच लागते.

वाहनांच्या इंधनाचंही तेच. त्यांच्या समितीनं 2002 मध्ये इंधनाची आणि धुराची मानकं कडक करण्याचे टप्पे आखून दिले, आणि 2005 मध्ये कडक मानकं आधी लागू झालेल्या अकरा शहरांत आपलं पुणं होतं. लक्ष्मी रोडवरून जाणाऱ्या कुणाला हे ठाऊकही नसेल.

आणि संशोधक म्हणून विस्मरणात जाण्याची तुझी भीती? लंडनच्या रॉयल सोसायटीनं, शास्त्रज्ञांच्या त्या मानाच्या संस्थेनं, त्यांना फेलो केलं 1998 मध्ये, ते महासंचालक असताना.

आता दुसरी बाजू, कारण ती तुझ्यापासून लपवणं बरं नाही. औषधांचं पेटंट फक्त नव्या रासायनिक रेणूंपुरतंच ठेवावं का, या प्रश्नावर त्यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञगटानं 2006 च्या अखेरीस अहवाल दिला. त्यातला काही मजकूर दुसऱ्याच्या निबंधातून, श्रेय न देता, जसाच्या तसा आल्याचं उघड झालं. केवढा गदारोळ झाला! 2007 मध्ये सरांनी अहवाल मागे घेतला, 2009 मध्ये सुधारून पुन्हा दिला. मला तेव्हा मनापासून वाईट वाटलं होतं. निष्कर्ष काय असावा यावर मतभेद होतेच, त्यात या चुकीनं सगळा वादच त्या मजकुराभोवती फिरत राहिला. समितीचा मसुदा कुणीही लिहो, नाव अध्यक्षाचं लागतं. तुझ्यासारखा प्रत्येक संदर्भ स्वतः तपासणारा माणूस तिथे हवा, असं मला वाटतं ते म्हणूनच.

तू जा. फक्त होकार देण्याआधी दोन गोष्टी लेखी मागून घे: आर्थिक मंजुरीचे अधिकार कुठवर, आणि एनसीएलमधल्या तुझ्या विद्यार्थ्यांचं मार्गदर्शन चालू ठेवता येईल का. दुसरं मिळालं नाही, तर त्यांच्यापैकी जे शेवटच्या वर्षाला आहेत त्यांचं मी बघेन; त्याची काळजी करू नकोस.

वहिनींना नमस्कार. रविवारी फोन करतो.

तुझा,
अविनाश