विषय: 'मोर्स्क्ये ओको' या चित्राची उलटी व चकचकीत प्रत पाठवल्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्या प्रतिनिधीशी आज चौथ्यांदा झालेले बोलणेही निष्फळ ठरल्यामुळे हे पत्र लिहीत आहे. पोलिश चित्रकार लेओन विचुउकोव्स्की यांनी पोलंडमधील तात्रा पर्वतातील 'मोर्स्क्ये ओको' तळ्याचे १९०५ साली काढलेले पेस्टल चित्र आपण विकता; त्याची मॅट कागदावरील प्रत मी मागवली होती. आली ती चकाकत्या कॅनव्हासवर, कुंचल्याचे फटकारे उठवलेली आणि वर डावे-उजवे उलटलेली. पेस्टलची कोरडी कांडी कागदावर घासतात, तिथे कुंचला कुठून आला, हे आपणांस मी सांगावे असे नाही.

प्रतिनिधी महाशय म्हणाले, "सर, तळंच आहे ना? पाण्याला कुठे डावं-उजवं असतं?" मी शांतपणे सांगितले की हे तळे १३९५ मीटर उंचीवर आहे आणि चित्रकाराने ते १५८३ मीटरवरच्या 'चार्नी स्ताव' या दुसऱ्या तळ्याकडून खाली पाहत रंगवले आहे, त्यामुळे कोणता उतार कोणत्या हाताला येतो हे डोंगराने ठरवलेले आहे, आपल्या छपाईयंत्राने नव्हे. त्यावर त्यांनी विचारले, "तुम्ही जाऊन आलात का तिथे?" मी नाही म्हणताच ते चक्क हसले आणि म्हणाले, "मग कशावरून उलटं?" महोदय, माझे पाय तिथे गेलेले नाहीत, पण डोळे जागेवर आहेत, आणि मूळ चित्र आपल्याच संकेतस्थळावर सुलटे आहे. शेवटी पुढच्या खरेदीवर दहा टक्के सवलत देऊ केली गेली. बहुधा पुढचे चित्र डोक्यावर उभे असेल.

मी कोल्हापूरचा. १९४३ ते १९४८ या काळात जवळच वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, आणि 'मोर्स्क्ये ओको' या नावाचा अर्थ 'समुद्राचा डोळा' असा होतो, हे माझ्या वडिलांनी लहानपणी तिथेच ऐकले होते. ही प्रत त्यांच्या तसबिरीशेजारी लावायची होती. तिथे उलटे तळे लावणार नाही. कॅनव्हासही मागवला नव्हता, हे पुन्हा सांगतो.

पंधरा दिवसांत मॅट कागदावरील सुलटी प्रत किंवा पूर्ण रक्कम न मिळाल्यास जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन. आपला माणूस 'उद्या' येणार म्हणून मी तीन दिवस घरी थांबलो. आता येण्यापूर्वी त्याने फोन करावा.

आपला ग्राहक

सोबत: देयकाची प्रत, दोन्ही चित्रांची छायाचित्रे