हसत हसत जमणारं प्रेम ठरावीक आडनावांचंच का?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

लग्न न झालेली, कमावती नायिका मराठी सिनेमात आता चांगली रुळली, असा कौतुकाचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. मी त्याच जातकुळीतली. वय छत्तीस, मिरजेतल्या एका बँकेत शेतीकर्ज बघते.

असले सिनेमे मला मनापासून आवडतात. 'मुंबई-पुणे-मुंबई' (२०१०) तर जवळजवळ पाठ आहे. त्यातल्या दोघांना नावंच नव्हती, त्यामुळे ती कुणीही असू शकत होती, अगदी मीसुद्धा! २०१५ साली दुसरा भाग आला आणि कळलं, ती देशपांडे, तो प्रधान. राग नाही, देशपांड्यांनीही प्रेम करावं. पण तेव्हापासून अशा नायिकांची आडनावं बघायची खोडच लागली, आणि फिरून फिरून तीच चार-सहा कानावर येतात.

आमच्या शाखेत मुल्ला, कांबळे, चौगुले, बिराजदार एका टेबलावर डबा खातात. त्यातलंच एक आडनाव माझं. पगाराच्या दिवशी हॉस्पिटलांतल्या नर्स येतात, त्यात इथल्या ख्रिस्ती असतात, केरळच्या असतात. जतकडचे शेतकरी आपसांत कन्नड बोलतात. यातली बाई हलक्याफुलक्या सिनेमात आलीच, तर नायिकेला सल्ला देणारी मैत्रीण म्हणून येते. नाहीतर भांडी घासता घासता "काय वं ताई" म्हणून हशा घेते. इकडे शिकलेल्या मुलीही "मी जातो, मी आलो" असं बोलतात. अशी बोलणारी मॅनेजरबाई पडद्यावर मी तरी पाहिलेली नाही.

आम्हाला प्रेमकथा मिळतच नाहीत असं नाही. 'फँड्री' (२०१३) मिळाला, 'सैराट' (२०१६) मिळाला. 'सैराट' बघून घरी येईपर्यंत आम्ही मैत्रिणी एकमेकींशी बोललो नव्हतो, इतका तो लागला. पण वाटणी बघा. आमच्याकडच्यांनी प्रेम केलं की शेवटी भिरकावलेला दगड, नाहीतर रक्त. गैरसमज, पाऊस, आईची लुडबूड आणि शेवटी सगळं गोड, ही मजा दुसऱ्यांकडे.

विनोद आमच्याकडे कमी आहे का? तासगाव भागात द्राक्षबागेच्या पाहणीला स्कूटीवरून जाते, तर शेतकरी माझ्या मागं रस्त्याकडे बघत विचारतो, "साहेब मागनं येत्यात व्हय?" एका बेदाणा शेडवर मालकानं कागदपत्रांच्या आधी पुतण्याचा फोटो काढून दाखवला. पुतण्या दिसायला बरा होता. खातं थकीत होतं.

सिनेमातल्या बाईचं करिअर म्हणजे काचेची केबिन आणि एक प्रेझेंटेशन. तिची बदली का होत नाही? मार्चअखेर, वसुली हे तिला का नसतं? आमच्यात प्रमोशन घेतलं की बहुधा बदली ठरलेली. घरासाठी प्रमोशनला नाही म्हणणाऱ्या कितीजणी माझ्या ओळखीच्या आहेत! मी घेतलं. जिल्ह्याबाहेर गेले, तर जमत आलेलं स्थळ "मग नांदायला कुठं येणार?" एवढ्यावर मोडलं. लेखकाला याहून तयार प्रसंग काय हवा?

आणि लग्नाच्या बाजाराला हसत हसत चिमटे काढायची रीत इथं नवी नाही. 'शारदा' रंगभूमीवर आलं १८९९ मध्ये, आणि ते लिहिणारे देवल आमच्या हरिपूरचे.

आपल्या समीक्षकांना एकच विनंती. स्टार देताना दोन ओळी याही लिहा: नायिका काम काय करते ते दिसतं का, आणि तिच्या ऑफिसात शेजारच्या खुर्च्यांवर कोण कोण बसलेलं असतं.

पत्र छापलंत तर नाव देऊ नये. आईनं येत्या रविवारी एक स्थळ बोलावलंय, आणि मुलगा म्हणे पेपर वाचतो.

– एक वाचक, मिरज (जि. सांगली)