जवान बोलू शकत नाही, मग त्याच्या नावानं राजकारण कसं चालतं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझे मिस्टर फौजेत हवालदार आहेत. गेल्या सुट्टीत ते घरी असताना त्यांच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अग्निवीरवरून जोरात वाद चालू होता, काहीजण सरकारच्या बाजूनं, काहीजण विरोधात, आणि मधेच कोणीतरी टाकलं की आपल्यात खरा फौजी एकच आहे, तूच सांग रे बाबा काय ते. हे मोबाईल हातात धरून नुसतं वाचत बसले. तेवढ्यात दुसऱ्यानं लिहिलं "घाबरला वाटतं". तरी ह्यांनी काही लिहिलं नाही, दुसऱ्या दिवशी ग्रुप सोडला, विषय बंद. मला मात्र त्या वाक्याचा लई राग आला. त्यांना लिहिता येत नाही पण मला येतं, मी फौजेत नाही, म्हणून हे पत्र.

ते घाबरले नव्हते, त्यांना परवानगीच नाही. आपल्या घटनेत कलम 33 आहे, त्याच्याखाली संसद सैन्यातल्या माणसांचे मूलभूत हक्क कमी करू शकते. त्यावरून आर्मी ॲक्ट 1950 चं कलम 21 आणि 1954 चे आर्मी रूल्स आहेत. राजकीय सभेला जायचं नाही, मोर्चात नाही, पक्षाचं काम नाही, वरून परवानगी असल्याशिवाय पेपरवाल्यांशी राजकीय किंवा नोकरीच्या विषयावर बोलायचं नाही. मत मात्र देता येतं. 2020 च्या जुलैमध्ये तर फेसबुक, इन्स्टाग्रामसकट 89 ॲप मोबाईलमधून काढा असा हुकूम आला होता, एक लेफ्टनंट कर्नल त्याच्याविरुद्ध दिल्ली हायकोर्टात गेले पण कोर्टानं ऐकलं नाही. तुम्ही आम्ही चहाच्या टपरीवर मंत्र्याला, पंतप्रधानाला जे बोलतो त्यातलं एक वाक्य ह्यांनी लिहिलं तरी चौकशी, रेड इंक एन्ट्री म्हणजे नोकरीच्या रेकॉर्डवर लाल शेरा, प्रमोशन गेलं, आणि प्रकरण वाढलं तर कोर्ट मार्शल. ग्रुपवरच्या मित्रांना हे माहीत नसेल असं मला वाटत नाही.

आता कोणी म्हणेल की मग ही नवऱ्यासाठी नेत्यांना शिव्या द्यायची मोकळीक मागतेय. नाही ओ. हा नियम मला पटतो. ज्याच्या हातात बंदूक आहे त्यानं कुठल्या पक्षाची बाजू घ्यायची नाही, हे बरोबरच आहे. शेजारी पाकिस्तानात बघा, 1958 ला अयुब, 1977 ला झिया, 1999 ला मुशर्रफ, जनरल लोकांना वाटलं की नेते बेकार आहेत आणि बसले स्वतः खुर्चीवर. म्यानमारमध्ये 2021 ला तेच. आणि लष्कराचं राज्य म्हणजे काय हे सोलापूरला बाहेरच्यानं सांगायची गरज नाही, 1930 च्या मे महिन्यात इंग्रजांनी ह्याच गावात मार्शल लॉ लावला होता, तिरंगा हातात धरला म्हणून लोकांना शिक्षा झाल्या, आणि 12 जानेवारी 1931 ला आपल्या चार हुतात्म्यांना येरवड्यात फाशी दिली. अमेरिकेत म्हणे बोलायचं लई स्वातंत्र्य, पण तिथंही लष्करी कायद्याचं कलम 88 आहे, अधिकाऱ्यानं राष्ट्राध्यक्ष, संसद यांच्याबद्दल अपमानाचे शब्द वापरले की गुन्हा. मॅकआर्थरसारखा एवढा मोठा सेनापती, सरकारच्या धोरणाविरुद्ध जाहीर बोलत राहिला म्हणून 1951 च्या एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमननं त्याला घरी पाठवलं. 2021 ला तिथल्या मरीन दलाच्या एका लेफ्टनंट कर्नलनं काबूलमधून माघार घेताना जे झालं त्यावर वरच्यांनी जबाबदारी घ्यावी म्हणून युनिफॉर्ममध्ये व्हिडिओ टाकला, त्याचं कोर्ट मार्शल झालं, लेखी ठपका आणि पाच हजार डॉलर कापले. म्हणजे ही बंदी काय फक्त आपल्याकडची नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. राजकारणावर बोलू नको हे ठीक, पण ताटात काय वाढलं हे बोलणं म्हणजे राजकारण आहे का? 2017 च्या जानेवारीत बीएसएफच्या, म्हणजे सीमा सुरक्षा दलाच्या, तेज बहादूर यादव या जवानानं करपलेली रोटी आणि हळद-मिठाच्या पाण्यासारखी डाळ दाखवली होती ते सगळ्यांनी बघितलंय. (बीएसएफ गृह खात्याकडे येतं, आर्मीत नाही, पण बंधनं तशीच.) एप्रिलमध्ये त्याला नोकरीतून काढलं. व्हिडिओ टाकणं नियमात बसत नाही हे मान्य. पण माणूस तिथपर्यंत का जातो याचा विचार कोणी करायचा?

हा प्रश्न आजचा नाही. 1946 ला फेब्रुवारीत मुंबईत 'तलवार' ह्या किनाऱ्यावरच्या नौदल केंद्रात नौदलाच्या पोरांनी जे बंड केलं त्याची सुरुवात कशानं झाली माहितीये का, निकृष्ट जेवणानं आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्यांनी. पोरांनी आधी तक्रारी केल्या होत्या, त्या कोणी कानावर घेतल्या नाहीत. मग जेवण नाकारलं आणि बघता बघता ते जहाजाजहाजांवर पसरलं. जेवणाची तक्रार वेळेत ऐकली नाही तर ती जेवणापुरती राहत नाही, हे इंग्रजांना कळलं नाही, आपल्या सरकारला तरी कळावं.

सोय नाही असं नाही. पलटणीत सगळ्या जवानांचा दरबार भरतो, तिथं सीओ साहेब, म्हणजे पलटणीचे प्रमुख, विचारतात कोणाला काही सांगायचंय का. आर्मी ॲक्टच्या कलम 26 मध्ये जवानाला तक्रार वर न्यायचा हक्क आहे, 2009 पासून आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल म्हणजे सैन्यातल्यांसाठीचं वेगळं न्यायाधिकरण आहे, त्याचं एक बेंच मुंबईत आहे. पण दरबारात शंभर माणसांसमोर उभं राहून ज्या साहेबांच्या हातात तुमचा रिपोर्ट, तुमची सुट्टी, तुमचं पोस्टिंग आहे त्यांच्यासमोरच बोलायचं, कोण बोलणार? आणि ट्रिब्युनल म्हणजे वकील, तारखा, पैसे. लंगरमधल्या, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघरातल्या, डाळीसाठी कोणी ट्रिब्युनलला जातं का?

जर्मनीत यावर चांगला मार्ग काढलाय. हिटलरच्या काळात फौजेनं काय केलं ते बघून त्यांनी 1950 च्या दशकात नवीन सैन्य उभं करताना संसदेचाच एक माणूस नेमला, त्यांच्या घटनेत कलम 45 ब मध्येच ते आहे. कुठलाही सैनिक त्याला थेट पत्र लिहू शकतो, साहेबामार्फत जायची गरज नाही, आणि लिहिलं म्हणून त्याच्यावर राग काढता येत नाही. तो माणूस दरवर्षी संसदेपुढे रिपोर्ट ठेवतो. अमेरिकेतही सैनिकानं आपल्या खासदाराला पत्र लिहिलं तर त्याबद्दल त्याला त्रास देता येत नाही असा कायदा आहे. म्हणजे नेत्याला नावं ठेवायला बंदी, पण गाऱ्हाणं सांगायला दार उघडं. आपल्याकडे बंदी पक्की आहे आणि दार नुसतं किलकिलं.

वरच्या अधिकाऱ्यांचं पण असंच. आपल्या कोल्हापूरकडचे लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात, पूर्व विभागाचे प्रमुख होते. त्यांनी 1959 ला लेखी कळवलं होतं की चीन नेफात, म्हणजे आताच्या अरुणाचलात, आला तर आपली तयारी कमी पडेल. पेपरात नाही गेले, भाषण नाही ठोकलं, जिथं सांगायचं तिथं शिस्तीत सांगितलं. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी ते मनावर घेतलं नाही आणि 1962 ला काय झालं ते देशाला माहीत आहे. सॅम माणेकशांवर तर सरकारबद्दल वेडंवाकडं बोलतात म्हणून चौकशी बसली होती, ते निर्दोष सुटले म्हणून 1971 ला देशाला मिळाले. खोलीच्या आत बोलणाऱ्याचं तरी ऐका, म्हणजे खोलीच्या बाहेर बोलायची वेळ येणार नाही.

दुसरी गोष्ट, आणि ही मला जास्त टोचते. जवानाला राजकारण बंद, मग नेत्यांना जवानाचं राजकारण कसं चालतं? ऑपरेशन सिंदूरनंतर आपल्या शहरात चौकाचौकात फ्लेक्स लागले होते. एका फ्लेक्सवर वर पक्षाचे मोठे नेते, मग गल्लीतल्या भावी नगरसेवकाचा हात जोडलेला फोटो, आजूबाजूला शुभेच्छुक म्हणून वीसेक चेहरे, आणि खाली कोपऱ्यात बंदूक घेतलेला जवान, अंगठ्याएवढा. माझ्या मुलीनं विचारलं पप्पांचा फोटो का नाही लावला. काय सांगू तिला? निवडणूक आयोगानं 2013 ला आणि परत 2019 ला सगळ्या पक्षांना लेखी सांगितलंय की सैनिकांचे फोटो प्रचारात वापरू नका. तरी 2019 च्या प्रचारात एका मुख्यमंत्र्यांनी भारतीय सेनेला "मोदीजी की सेना" म्हटलं, आयोगानं त्यांना फक्त समज दिली. ह्यांनी ग्रुपवर एक ओळ लिहिली असती तर नुसत्या समजेवर भागलं असतं का? मी हे एका पक्षाबद्दल बोलत नाही, सगळेच करतात, कोणी जवानांच्या शौर्यावर मतं मागतो, कोणी जवानांच्या हालांवर मागतो, आणि जवान दोघांनाही उत्तर देऊ शकत नाही.

निवृत्त झालेल्यांनी तरी बोललं की लगेच विचारतात कुठल्या पक्षाचा. जनरल मनोज नरवणे, आपल्या पुण्याचे, माजी लष्करप्रमुख, त्यांचं पुस्तक 2024 च्या सुरुवातीला येणार होतं ते संरक्षण खात्याच्या मंजुरीत अडकलं. गुपित फोडू नये हे कोणालाही मान्य होईल, पण गुपित कुठलं आणि अडचणीचं कुठलं हे एकट्या सरकारनं ठरवायचं का?

सोलापूर आणि माढ्याच्या खासदारांना माझी विनंती आहे की त्यांनी हा प्रश्न संसदेत मांडावा, जवानांना थेट तक्रार करता येईल असा संसदेचा अधिकारी नेमा म्हणून. आणि महापालिकेनं फ्लेक्सला परवानगी देताना सैनिकाचा फोटो असेल तर तो फ्लेक्स नाकारावा, निवडणूक असो वा नसो. हे तर इथल्या इथं करता येण्यासारखं आहे, त्याला दिल्लीला जावं लागत नाही.

आपली,
एका जवानाची पत्नी, जुळे सोलापूर
(माझं नाव छापलं तर चौकशी ह्यांची होईल, म्हणून कृपया नाव छापू नये.)