वेस्टब्रुक की हार्डन? पुन्हा एकदा

नागपूर

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. घरची खुशाली दोन ओळींत आणि उरलेली तीन पानं बास्केटबॉलपटू रसेल वेस्टब्रुकवर! वहिनींनी ते वाचलं नसावं, अशी आशा करतो.

‘४२ ट्रिपल-डबल, विषय संपला’ असं लिहून तू मोकळा झालास. म्हणजे गुण, रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं) आणि असिस्ट (थेट गुण मिळवून देणारा पास) हे तिन्ही आकडे दोन अंकी असलेले ४२ सामने. पण लेका, विषय संपत नाही. २०१६-१७चा एनबीएचा एमव्हीपी, म्हणजे मोसमातल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूचा किताब, ह्यूस्टनच्या जेम्स हार्डनला मिळायला हवा होता, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे.

आधी वेस्टब्रुकचं देणं देऊन टाकतो. २०१६च्या उन्हाळ्यात त्याचा जोडीदार केव्हिन ड्युरँट ओक्लाहोमा सोडून गोल्डन स्टेट संघाकडे निघून गेला. ओक्लाहोमाचं आता काही खरं नाही, असं सगळेच म्हणत होते. अशा वेळी या पठ्ठ्याने सरासरी ३१.६ गुण, १०.७ रिबाउंड आणि १०.४ असिस्ट काढले. १९६१-६२च्या ऑस्कर रॉबर्टसननंतर हे कुणालाच जमलं नव्हतं. डेनव्हरविरुद्धचा तो सामना आठव. ५० गुण, १६ रिबाउंड, १० असिस्ट, आणि वर शेवटच्या क्षणी ३६ फुटांवरून थ्री-पॉइंटर. १०६-१०५. डेनव्हरचं प्लेऑफचं (बाद फेऱ्यांचं) स्वप्न तिथेच संपलं. तो शॉट मी अजूनही अधूनमधून लावून बघतो आणि दर वेळी वाटतं, या माणसाला मागेल ते देऊन टाकावं. मत देणाऱ्यांचंही नेमकं तेच झालं. १०१ पैकी ६९ जणांनी त्याला पहिली पसंती दिली, हार्डनला २२.

आता हार्डनचे आकडे बघ: २९.१ गुण, ११.२ असिस्ट, ८.१ रिबाउंड. असिस्टमध्ये तो अख्ख्या लीगमध्ये पहिला होता. म्हणजे गुण थोडे कमी, असिस्ट थोडे जास्त आणि रिबाउंड अडीच कमी. त्या अडीच रिबाउंडांवर इतिहास घडला! ९९ वर बाद झालेल्याला आपण हळहळून विसरतो आणि १०१ वाल्याचं नाव फळ्यावर जातं, त्यातलाच हा प्रकार.

आणि ते रिबाउंड यायचे कसे, तेही बघ. समोरच्याचा फ्री थ्रो चुकला की ओक्लाहोमाचाच स्टीव्हन अ‍ॅडम्स आपल्या माणसाला पाठीने रेटून बाजूला ठेवायचा. स्वतः बॉलकडे हातही न्यायचा नाही. मागून वेस्टब्रुक येऊन आरामात बॉल घ्यायचा आणि सुसाट सुटायचा. तू म्हणशील, त्यातूनच तर त्यांचा वेगवान हल्ला सुरू व्हायचा. खरं आहे, डावपेच म्हणून उत्तमच. पण मग त्या रिबाउंडमध्ये अ‍ॅडम्सचा वाटा किती? स्कोअरशीटवर त्याला रकाना नाही.

ह्यूस्टनमध्ये प्रशिक्षक माइक डँटोनीने आल्या आल्या हार्डनला पॉइंट गार्ड, म्हणजे हल्ल्याची सूत्रं हाती असलेला खेळाडू केलं. पुढे काय व्हायचं, तू पाहिलंयस. त्याचा सहकारी कपेला स्क्रीन लावणार (बचावपटूच्या वाटेत आडवा उभा राहणार), दोन बचावपटू हार्डनवर धावणार, तो क्षणभर बॉल धरून ठेवणार. कपेलाला उंच पास की कोपऱ्यात उभ्या असलेल्याला, हे बचाव करणाऱ्यांना शेवटपर्यंत कळायचं नाही. आदल्या वर्षी ४१ सामने जिंकलेला संघ ५५ जिंकला. ओक्लाहोमा ५५ वरून ४७ वर आली. ड्युरँट जाऊनही फक्त आठच कमी झाले, हा तुझा मुद्दा मला मान्य आहे, पण सहाव्या क्रमांकाच्या संघातून एमव्हीपी द्यायला तो पुरत नाही. (पहिल्याच फेरीत ह्यूस्टनने त्यांना ४-१ने घरी पाठवलं, हे मी मुद्दाम काढत नाही. मतदान प्लेऑफच्या आधीच होतं. पण लिहिल्यावाचून राहवलं नाही.)

तुझ्या तीन पानांत २०१७-१८चा उल्लेखच नाही, हे माझ्या नजरेतून सुटलेलं नाही. त्या वर्षी वेस्टब्रुकची सरासरी पुन्हा ट्रिपल-डबलच होती. संघ ४८ सामने जिंकला, म्हणजे आदल्या वर्षीपेक्षा एक जास्तच. आणि एमव्हीपीच्या मतदानात साहेब पाचवे! तीच कामगिरी वर्षभरात एवढी स्वस्त कशी झाली, सांग बरं? पहिल्या वर्षी अप्रूप होतं, दुसऱ्या वर्षी सवय झाली. २०१८चा एमव्हीपी मग हार्डनलाच मिळाला. मला तर त्यात मागची उधारी चुकवल्याचाच वास आला.

रॉबर्टसनचं तरी काय झालं होतं? १९६२ मध्ये एमव्हीपीसाठी खेळाडू स्वतः मत देत. चेंबरलेनची त्या मोसमातली सरासरी ५०.४ गुण होती! तरी खेळाडूंनी निवडलं बिल रसेलला, कारण त्याचं बॉस्टन ६० सामने जिंकलं होतं. चेंबरलेन दुसरा, रॉबर्टसन तिसरा. कोर्टवर एकमेकांचे कोपर खाणाऱ्यांचा हा निकाल मला जास्त पटतो.

आता उत्तरात कवाय लेनर्डला मध्ये आणू नकोस. त्याचं सॅन अँटोनिओ २०१६-१७ मध्ये ६१ सामने जिंकलं होतं हे मला माहीत आहे, आणि माझाच नियम माझ्यावर उलटवायचा तुझा डाव मी ओळखून आहे. त्यावर उत्तर तयार आहे, पण ते समोरासमोर देईन. दिवाळीत येतोयस ना? तिकीट काढलंस की कळव.

वहिनींना नमस्कार, चिरंजीवांना आशीर्वाद.

तुझा,
नंदू